पाणसुरुंगांचा शोध आणि कोकणचा गाळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रात पेरलेले स्फोटक सुरुंग शोधून काढणारी नौदलाची शेवटची सुरुंगशोधक नौका ‘आयएनएस कोझिकोड’ २०१९ मध्ये निवृत्त झाली. दक्षिण कोरियाच्या साहाय्याने गोवा शिपयार्डमध्ये अशा बारा नौका बांधण्याची योजना त्याआधीच, २०१८ मध्ये, गुंडाळली गेली होती. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदीला मंजुरी देणाऱ्या संरक्षण संपादन परिषदेने या नौकांची आवश्यकता पुन्हा मान्य केली, हे चांगलेच झाले. मात्र चर्चा नौकांची संख्या आणि किंमत यांभोवतीच फिरते आहे. ज्या पाण्यात त्या काम करणार, तिथे ध्वनी कसा वागतो, याविषयी फारसे कोणी बोलत नाही, याची मला काळजी वाटते.

पाण्यात प्रकाश फार दूर पोचत नाही आणि रडारच्या लहरी लगेच विरतात, म्हणून सुरुंग शोधायचा तो मुख्यतः ध्वनीनेच. समुद्रात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो; त्यामुळे ५०० किलोहर्ट्झ कंप्रतेला (फ्रिक्वेन्सीला) तरंगलांबी जेमतेम ३ मिलिमीटर भरते आणि तळावरची वस्तू तिच्या सावलीसह रेखीव दिसते. पण एवढ्या उच्च कंप्रतेचा ध्वनी पाण्यातच लवकर शोषला जातो आणि गाळात शिरत नाही. कंप्रता उतरवली की तो आत शिरतो, पण चित्र धूसर होते. कोकण आणि गोव्यापुढची खरी अडचण हीच आहे. इथला किनाऱ्यालगतचा तळ, साधारण ५० मीटर खोलीपर्यंत, मुख्यतः चिकणमातीचा आहे आणि त्यात जड सुरुंग रुतून दिसेनासा होऊ शकतो. काही पट्ट्यांत तर गाळात साठलेला वायूच ध्वनीला अडवतो. पावसाळ्यात खाड्यांचे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर पसरते, तेव्हा ध्वनिलहरींच्या वाटाही वळतात. वाळूच्या तळावर पारखलेला परदेशी सोनार, म्हणजे ध्वनीने पाण्यातली वस्तू शोधणारे यंत्र, इथेही तसाच चालेल, हे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या तळाचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे आणि संरक्षण संशोधन संस्थेची (डीआरडीओ) कोचीची एनपीओएल ही प्रयोगशाळा सोनारच घडवते. या दोघींनी मुंबई, जेएनपीए (न्हावा शेवा) आणि मुरगाव बंदरांच्या जलमार्गांचे सोनार सर्वेक्षण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर करावे. जुने नांगर, जाळी, बुडालेल्या होड्या यांची नोंद आधीपासून असेल, तरच उद्या तिथे नव्याने आलेली वस्तू वेळेत ओळखता येईल. या कामासाठी नौकांच्या खरेदीतच स्वतंत्र तरतूद असावी, अशी माझी संरक्षण मंत्रालयाला विनंती आहे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी