अमेरिकेचे युद्ध चहाच्या करापायी पेटले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला २५० वर्षे झाल्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. चहावरचा जाचक कर असह्य झाला आणि वसाहतींनी बंड केले, असे एका वाक्यात लेखकाने सगळे उरकले आहे. मी बरीच वर्षे शाळेत इतिहास शिकवला. मुलांच्या डोक्यातही हेच एक वाक्य पक्के बसलेले असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

१७७३ च्या चहा कायद्याने चहा महाग झाला नव्हता, उलट स्वस्त झाला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या वखारींत चहा न विकता पडून होता आणि कंपनी कर्जात बुडत चालली होती. ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांच्या सरकारने मधल्या व्यापाऱ्यांना वगळून तो थेट अमेरिकेत विकायची तिला मुभा दिली. पौंडामागे तीन पेन्स कर होता, पण तो १७६७ पासूनचा, जुनाच. तो भरूनही कंपनीचा चहा चोरट्या डच चहाच्या तोडीस तोड भावात मिळणार होता. तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या धक्क्यावर तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून सगळा चहा खाडीत ओतला गेला. स्वस्त चहा कोणी का फेकेल?

त्यासाठी दहा वर्षे मागे जावे लागते. फ्रान्सबरोबरचे सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटनचे कर्ज जवळपास दुप्पट झाले होते. त्याचा काही भार वसाहतींनी उचलावा, असे लंडनला वाटले. ही मागणी अगदीच गैर होती असे मी म्हणणार नाही. पण व्हर्जिनियाची लोकनियुक्त सभा १६१९ पासून भरत होती. इतर वसाहतींनाही आपापल्या सभा होत्या आणि घरचे कर त्या सभाच बसवत. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नाही तिने खिशात हात घालावा, हे लोकांना नवे होते.

१७६५ चा मुद्रांक कायदा तर आपल्या पेशाशी संबंधित आहे, संपादक महोदय. कोर्टाचे कागद, परवाने, पत्त्यांचे जोड आणि वर्तमानपत्राचा प्रत्येक ताव मुद्रांकित कागदावरच छापायचा, असा हुकूम निघाला. कायदा १ नोव्हेंबरला लागू होणार होता. आदल्या दिवशी फिलाडेल्फियाच्या 'पेनसिल्व्हेनिया जर्नल'ने पहिले पान थडग्याच्या दगडासारखे काळ्या चौकटीत छापले आणि मुद्रांकाच्या जागी कवटी व हाडे काढली. मुद्रांक विकणाऱ्या अधिकाऱ्यांनी गावोगाव राजीनामे दिले. १७६६ च्या मार्चमध्ये पार्लमेंटने कायदा मागे घेतला, पण त्याच वेळी दुसरा कायदा करून ठेवला, की वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा अधिकार आम्हालाच आहे. गाऱ्हाणे मिटले आणि गाऱ्हाण्याचे मूळ मात्र कायद्यात कायम झाले.

१७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. रक्कम फार मोठी नव्हती. तिचे पुढे काय होणार, हे महत्त्वाचे होते. तोवर बहुतेक वसाहतींत गव्हर्नरचा पगार तिथल्या सभा मंजूर करत. पगार सभेच्या हातात होता तोवर गव्हर्नरला सभेचे ऐकावे लागे. आता जकातीच्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांना राजाकडूनच पगार देण्याची सोय झाली. म्हणजे चहाचा घोट घेणारा आपल्याच सभेचा लगाम सोडायला पैसे देत होता. पुढे बाकीच्या जकाती उठल्या, चहावरची तेवढी मुद्दाम ठेवली. बाकीच्या जकाती उठवण्याचा ठराव लॉर्ड नॉर्थने मांडला तो दिवस ५ मार्च १७७०. त्याच दिवशी बॉस्टनच्या रस्त्यावर सैनिकांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला.

माझ्या मते युद्ध अटळ झाले ते चहा बुडाल्यावर, लंडनमध्ये. २९ जानेवारी १७७४ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या सभेचा एक अर्ज प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळापुढे आला. गव्हर्नर आणि उपगव्हर्नर यांना हटवा, एवढीच मागणी होती. अर्ज घेऊन सभेचे लंडनमधले प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन उभे होते. वय ६८, साम्राज्य एकसंध राहावे म्हणून आयुष्यभर झटलेला माणूस. सरकारी वकील वेडरबर्न यांनी अर्ज बाजूला ठेवून भर सभेत त्यांच्यावर शिव्याशापांची सरबत्ती केली. सभासद हसत होते, फ्रँकलिन चेहऱ्यावरची रेषही न हलवता उभे राहिले. अर्ज फेटाळला गेला आणि लगोलग टपाल खात्यातले त्यांचे पदही गेले. गाऱ्हाणे आणणाऱ्याचीच ही गत झाल्यावर अर्जविनंत्यांना अर्थ काय उरला?

नंतरच्या काही महिन्यांत बॉस्टन बंदर बंद झाले, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली, गावसभांनाही गव्हर्नरची परवानगी लागू लागली. शिक्षा एका वसाहतीला होती, पण साऊथ कॅरोलिनातून तांदूळ निघाला, कनेक्टिकटमधून मेंढरांचे कळप आले. एकमेकांशी सीमांवरून भांडणाऱ्या वसाहती अशा जवळ आल्या. सप्टेंबर १७७४ मध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. १९ एप्रिल १७७५ ला मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्झिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटली, तरीसुद्धा जुलैमध्ये राजाकडे शेवटचा विनंतीअर्ज गेलाच. राजाने तो स्वीकारला नाही आणि ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचे जाहीर केले. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्याचा मोठा भाग म्हणूनच राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी आहे.

ही सगळी गाऱ्हाणी सारखीच न्याय्य होती असे नाही. मूळ रहिवाशांच्या जमिनींकडे जाण्यापासून राजाने गोऱ्यांना अडवले, हेही त्यांना सलत होते. गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद जाहीरनाम्याच्या मसुद्यातून वगळला गेला. ज्यांच्या पायात बेड्या होत्या त्यांचे गाऱ्हाणे कोणी ऐकले नाही. हे लेखात यायलाच हवे होते.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना जवळची वाटेल. राजाकडे गेलेला तो शेवटचा अर्ज मुख्यतः जॉन डिकिन्सन यांचा. त्यांनीच १७७३ च्या अखेरीस टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात, या कंपनीने बंगालमध्ये काय केले ते पाहा, तिथे दुष्काळात लाखो माणसे मेली, असा इशारा अमेरिकनांना दिला होता. आपल्याकडचा १७७० चा दुष्काळ त्यांच्या लढ्यात असा पोचला होता. त्याच १७७३ मध्ये नॉर्थ सरकारने कंपनीच्या मुंबई-मद्रासच्या कारभारावर कोलकात्याची देखरेख आणणारा रेग्युलेटिंग कायदा केला. त्याच्या जोरावर कोलकात्याच्या कौन्सिलने मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी केलेला सुरतचा तह नामंजूर केला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. अमेरिकेचा जाहीरनामा त्यानंतर चारच महिन्यांनी निघाला. लेखमाला पुढे चालणार असेल तर कंपनीच्या या दोन्हीकडच्या कारभारावर एखाद्या अभ्यासकाकडून स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा