रंगीत चित्रं झाली, पडताळणीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टवर पान आलं होतं, केसासारख्या बारीक चॅनेलमधून पाणी आणि हवेचे बुडबुडे कसे जातात त्याचं कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन, लाल-निळं चित्र झकासच होतं. पोरांचं कौतुक आहेच, चिपवर रक्त तपासायचं, प्रोसेसर थंड ठेवायचा, अशा कामांना हे लागतं. पण उत्तर बरोबर आहे हे कशाशी ताडून बघितलं, त्याबद्दल अख्ख्या पानात एक ओळ नाही.

मी मेकॅनिकल शिकवतो, व्हायवा घ्यायला इकडेतिकडे जावं लागतं, सगळीकडे हीच गत. व्हॅलिडेशन, म्हणजे प्रत्यक्षाशी पडताळणी, काय केली विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, ग्रिड इंडिपेंडन्स केलंय". अरे बाबा, मेश, म्हणजे हिशोबासाठी चॅनेलचे पाडलेले छोटे सेल, आणखी बारीक करूनही उत्तर हललं नाही म्हणजे तू मांडलेली समीकरणं कॉम्प्युटरने नीट सोडवली, बास. चॅनेलमध्ये खरंच तसं घडतं का, हे त्यातून कुठे कळलं?

साधी गोष्ट घ्या, २०० मायक्रॉनची गोल नळी, पाणी, त्यात सेकंदाला १० मिलिमीटरने जाणारा लांबट बुडबुडा. बुडबुडा आणि भिंत यांच्यामध्ये पाण्याची एक पातळ फिल्म राहते, ब्रेदरटन या शास्त्रज्ञाने १९६१ साली दिलेल्या सूत्राने तिची जाडी काढली तर जेमतेम ०.३६ मायक्रॉन येते. आणि पोरांच्या मेशचा सेल असतो २ मायक्रॉनचा! एवढ्या मोठ्या भोकांच्या चाळणीत ती फिल्म सापडायची कशी? मग स्क्रीनवर बुडबुडा भिंतीला चिकटतो, सगळा खेळ काँटॅक्ट अँगलवर, म्हणजे पाण्याची कड भिंतीशी किती कोन करते त्यावर जातो, नळीतला प्रेशर ड्रॉप (दाबातली घट) पण बदलतो, आणि तो अँगल टाकलेला असतो आपणच. काही जण तर प्रयोगाच्या व्हिडिओशी जुळेपर्यंत अँगल फिरवत बसतात आणि वर तोच व्हिडिओ पुरावा म्हणून दाखवतात, याला काय म्हणायचं?

खर्चाचंही कारण सांगू नये. आधी १०० मायक्रॉन त्रिज्येचा पाण्याचा थेंब हवेत नुसता स्थिर ठेवून बघा, आतला दाब साधारण १४४० पास्कल जास्त यायला हवा आणि वेग शून्य. व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड पद्धतीत (प्रत्येक सेलमध्ये पाणी किती, हवा किती याचा हिशोब ठेवणारी) तिथेच खोटे प्रवाह उठतात, ते खऱ्या वेगाच्या जवळपास जात असतील तर पुढची चित्रं काढूच नका. मग पाण्यात भरपूर ग्लिसरीन घालून कॅपिलरी नंबर (द्रवाचा चिकटपणा गुणिले वेग, भागिले पृष्ठताण) ०.०१ च्या आसपास न्या, फिल्म त्याच नळीत ५ मायक्रॉनच्या वर जाते, बुडबुडा सरासरी प्रवाहापेक्षा १० ते १२ टक्के जास्त वेगाने पळतो. हा फरक सिरिंज पंप, मायक्रोस्कोप आणि बऱ्यापैकी कॅमेरा असला की मोजता येतो, आणि फिल्म जाड असल्याने त्यासाठी अँगल-बिंगल जुळवायची गरज नाही. फक्त नळी नीट धुतलेली हवी, साबणाचा अंश राहिला तर पृष्ठताण बदलतो आणि सगळंच बोंबलतं.

सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ साली परम हा सुपरकॉम्प्युटर बनवला तो याच पुण्यात, तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटरवाल्यांची वानवा नाही, मोजणारे मात्र शोधावे लागतात. पुढच्या वेळी असं पान छापाल तेव्हा रंगीत चित्र जरा लहान करा आणि शेजारी मोजलेले आकडे आणि सिम्युलेशनचे आकडे एकाच ग्राफवर द्या, एरर बारसकट, म्हणजे मोजमापात किती चूक असू शकते ते दाखवणाऱ्या रेघांसकट. पोरांकडे तो ग्राफ नसेल तर बातमी महिनाभर थांबली तरी चालेल.

आपला,
एक प्राध्यापक, कोथरूड, पुणे