विषय: ओरिजनल डिस्क असूनही गेम चालत नाही, तक्रारीचं तिकीट परस्पर क्लोज केलंय

आत्ताच तुमच्या सपोर्टवाल्याने माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला. म्हणून आता लेखी, आणि थेट वरच्या लोकांना.

गेम कोणता ते तिकिटावर आहे. माझ्याकडे २००३ ची ओरिजनल सीडी आहे, बॉक्स, मॅन्युअल, सीरियल की, सगळं जपून ठेवलंय, डिस्कवर साधा ओरखडा नाही. लिनक्सवर वाईनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल नीट होतो आणि चालू केला की मेसेज येतो, ओरिजनल डिस्क टाका. अहो, ड्राइव्हमध्ये तीच आहे! गेमला काही झालेलं नाही, अडवतंय ते तुमचं सेफडिस्क, म्हणजे डिस्क ओरिजनल आहे की कॉपी ते तपासणारं संरक्षण.

आता तो कॉल. मी लिनक्स म्हटल्याबरोबर, "सर, लिनक्सवर गेम चालत नाहीत." मी म्हटलं विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन २०१८ पासून आहे, स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर लिनक्सवरच चालतो, तुमचे नवे गेमसुद्धा मी लिनक्सवरच खेळतो. "हो सर, पण विंडोज १० टाकून बघा." मग मी समजावून सांगितलं की सेफडिस्कचा ड्रायव्हर सुरक्षेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टनेच काढलाय, विंडोज १० मध्ये तो पहिल्यापासून चालत नाही आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने विंडोज ७ वरही बंद केला, म्हणजे तुम्ही सांगताय ते सगळं केलं तरी ही डिस्क चालणार नाहीच. होल्डवर टाकलं. परत आला आणि विचारतो काय, "सर, डिस्क नक्की ओरिजनल आहे ना? कॉपी असेल तर आम्ही मदत करू शकत नाही."

मला चोर ठरवलं! ज्यांनी तेव्हा क्रॅक मारून डिस्कची तपासणीच उडवली त्यांना डिस्क लागतच नाही, त्यांचा गेम आजही चालतो, आणि पैसे मोजून घेतलेला माणूस मी, मलाच पुरावा मागताय? मी कॉपी केलेली नाही, परत लिहितो, ओरिजनल आहे.

वर तुमच्याच सल्ल्याने डिजिटल आवृत्ती पण घेतली. ती चालत होती, मग गेम चालू करणाऱ्या लाँचरचा अपडेट आला, त्यात अँटीचीट (खेळताना फसवणूक करणारे पकडणारं सॉफ्टवेअर) घुसवलं आणि लिनक्सवर तीही बंद. एकट्याने खेळायच्या गेमला अँटीचीट कशाला? आणि ठेवायचंच असेल तर बॅटलआय आणि ईझी अँटीचीट ही अँटीचीट सॉफ्टवेअर दोन्ही २०२१ पासून प्रोटॉनवर चालतात, फक्त डेव्हलपरने परवानगी द्यायची असते. तेवढंही तुमच्याकडून झालं नाही.

मला डिस्क चेक काढलेला अधिकृत पॅच हवाय. बाकीच्या कंपन्यांनी आपल्या जुन्या गेमसाठी असे पॅच दिलेत, तुम्हाला काय अडचण आहे? आणि डिजिटलचे पैसे परत. नाही मिळाले तर बँकेकडून पेमेंट उलटवणार आणि हा सगळा पत्रव्यवहार जिथे रिव्ह्यू टाकता येतो तिथे टाकणार. तुमचे बॉक्स मी लहानपणापासून जमवतोय, कपाटाचा अख्खा एक कप्पा तुमचाच आहे, म्हणून जास्त लागलं. तुमचा पुढचा गेम मी घेणार नाही.

तिकीट परत उघडा, आणि ज्याला सेफडिस्क म्हणजे काय ते माहीत आहे अशा माणसाकडे द्या.