जुना संच रविवारी देऊ नकोस

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रा,

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. इकडे सगळे बरे, अण्णांचा गुडघा आहे तसाच. पण तुझा निरोप वाचला नि धस्सच झालं. वाग्नरच्या ‘ऱ्हाइनगोल्ड’ ऑपेराची नवी एसएसीडी, म्हणजे साध्या सीडीहून सरस म्हणून विकतात ती डिस्क, ऐकलीस, म्हणून त्याच मुद्रणाचा ऐंशीच्या दशकातला सीडी संच रविवारी देऊन टाकणार? अरे, थांब की जरा!

तुझ्या प्लेयरला मागं अजून ती नारिंगी कोअॅक्सियल डिजिटल वायरच आहे ना? मग तू एसएसीडी ऐकलेलीच नाहीस. त्या हायब्रिड डिस्कमध्ये दोन थर असतात. एकात साधी सीडी, 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ. दुसऱ्यात एसएसीडीचं खास डिजिटल रूप, 1 बिटचं डीएसडी, सेकंदाला 28 लाख 22 हजार 400 नमुने. कॉपी होऊ नये म्हणून डीएसडी त्या वायरीतून बाहेर सोडत नाहीत. एसएसीडीचा थर लागला असता तर स्पीकर गप्प बसले असते. आवाज आला, म्हणजे सीडीचाच थर वाजला. लाल-पांढऱ्या अॅनालॉग आरसीए वायरी लाव, डिस्प्लेवर ‘एसएसीडी’ उमटतंय का बघ, मग ऐक.

फरक जाणवला हे तुझं खोटं नाही. पण तो नव्या फॉरमॅटचा नव्हे, टेप नव्यानं उतरवल्याचा आहे. 1958 साली व्हिएन्नाच्या सोफिएनझालमध्ये निर्माता जॉन कलशॉच्या पथकानं केलेल्या मुद्रणाच्या मूळ टेपा या खेपेला 24 बिट, 192 किलोहर्ट्झनं उतरवल्या. 1997 च्या आवृत्तीत टेपची हिस, म्हणजे मागची सततची सळसळ, काढायला सीडर ही गोंगाट पुसणारी यंत्रणा वापरली होती. हिसबरोबर सभागृहात विरत जाणारा सूरही थोडा खरवडला जातो, आणि माझी सगळी तक्रार तिथंच आहे. तुझा संच त्याच्याही आधीचा. तेव्हा टेपांचं वय आजच्या निम्मंही नव्हतं. असा साक्षीदार कुणी घालवतं का?

आता तुलना कशी करायची ते सांगतो. आधी आवाज जुळव. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला लाव आणि प्रिल्यूडमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या वाद्यसंगीतात, आठही हॉर्न भरून वाजतात तिथं दोन्ही डिस्कचं माप घे. 10 टक्क्यांचा फरक म्हणजे सुमारे 0.8 डेसिबल. तेवढ्यानंसुद्धा मोठी वाजणारी डिस्क ‘जिवंत’ वाटते. आपलं एलपीवरचं ते भांडणही निम्मं याच्यामुळंच होतं, आता तरी मान्य कर!

मग सुरुवातीचा डबल बासचा खर्ज. तो 39 हर्ट्झच्या आसपास असतो. तुझ्या लहान स्पीकरांतून त्याच्या वरच्या स्वरांशांची सावलीच ऐकू येणार, म्हणून त्यावरून डिस्कला नावं ठेवू नकोस. तिथं हिस ऐक. तंबोऱ्यासारखी एकसारखी राहिली तर उत्तम. सुरांबरोबर वरखाली होत असेल तर यंत्रानं हात मारलाय. नंतर निबेलहाइमला, म्हणजे बुटक्यांच्या पाताळात, उतरतानाच्या ऐरणी. स्कोअरमध्ये लहान, मध्यम, मोठ्या मिळून 18 आहेत. चांगल्या प्रतीत जवळची नि लांबची वेगळी कळते, वाईट प्रतीत पत्र्याच्या शेडवर गारा पडल्यासारखा एकच कलकलाट. मेघगर्जनेचा देव डॉनर, त्याच्या हातोड्याच्या घावाला आवाज फाटतोय का बघ. आणि गायिका फ्लागस्टाड! त्रेसष्टाव्या वर्षी गायलेली तिची फ्रिका देवीची भूमिका. तिचे ‘स’ टोचायला लागले तर वरच्या पट्टीत भर घातलीय असं समज.

तिन्ही ऐक: जुनी सीडी, नव्या डिस्कचा सीडी थर, मग डीएसडी. माझ्या कानाला पहिल्या दोनांत मोठं अंतर आहे, पुढच्या दोनांत अगदी थोडं.

पोराची सीईटी कशी झाली? खानापूरच्या पावसात कपाटातल्या एलपींना बुरशी धरू देऊ नकोस. वहिनींना नमस्कार सांग. शनिवारी मी आरसीए वायरी, मीटर आणि कुंदा घेऊन येतोय, तोवर तो संच कुणाच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझाच