आत्याच्या मुलाला काय सांगू?

ब्रॅम्प्टन, ऑन्टॅरिओ
जानेवारी २०२६

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे व्हिडिओ कॉलवर बोलणं जमत नाही. आई, तू फोन लावलास की मागे आत्या असते, शेजारच्या काकू असतात आणि सगळ्यांना बर्फ बघायचा असतो. म्हणून लिहितोय. दोघांनीच वाचा.

बाबा, तुम्ही म्हणालात, आत्याच्या मुलाला दोन शब्द सांग. माझे शब्द त्याला आवडणार नाहीत. सिन्नरची जमीन गहाण टाकून त्याने इथल्या कॉलेजात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझंच बघा. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, देताना या देशाने माझ्या डिग्रीचे गुण धरले, अंबडच्या कंपनीतल्या क्वालिटीच्या नोकरीचे धरले, वयाचे आणि इंग्रजीचेही धरले. आत आल्यावर कंपन्या विचारतात, कॅनेडियन अनुभव किती? म्हणजे सरकारने ज्यासाठी बोलावलं, तेच कंपनीच्या लेखी शून्य. ऑन्टॅरिओत इंजिनिअरच्या लायसन्ससाठी असलेली ही अट २०२३ मध्ये काढून टाकली. यंदा १ जानेवारीपासून पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना नोकरीच्या जाहिरातीतही ती घालता येत नाही. चांगलंच झालं. पण मुलाखत घेणारा माझ्या बायोडेटातलं 'नाशिक' वाचतो आणि पुढचे प्रश्न आटोपते घेतो, त्याला कुठला कायदा लावणार?

तर सध्या गोदामात आहे. आत्याला 'लॉजिस्टिक्स' सांगितलंत तर तेही खोटं नाही. एजन्सीचा मेसेज आला तर रात्रपाळी, नाही आला तर बिनपगारी सुट्टी. तासाला १७.६० डॉलर, या प्रांताचं किमान वेतन. आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, एक बँक मॅनेजर होते, एक बाई कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. जेवणाच्या सुट्टीत एका टेबलावर एवढं शिक्षण मी अंबडला कधी पाहिलं नव्हतं!

राहतो बेसमेंटमध्ये. खिडकी जमिनीलगत, जास्त बर्फ पडला की बुजते. घरमालक पंजाबी, भला माणूस. हीटरचं बटण मात्र वरच्या मजल्यावर, त्याच्या सासूबाईंच्या ताब्यात, आणि त्यांना सतत उकडतं.

आत्याच्या मुलाचं याहून अवघड. नुसत्या राहण्या-खाण्यासाठी २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे पंधरा लाखांच्या आसपास; फी वेगळी. शिक्षण चालू असताना बाहेर आठवड्याला चोवीसच तास काम करता येतं. डिप्लोमा झाल्यावर वर्क परमिट मिळेलच, हेही आता राहिलं नाही. ठरावीक विषयांनाच मिळतं. एजंट हे आपणहून सांगायचा नाही. पोरगा विमानात बसला तरच त्याला कमिशन.

आई, तू विचारत होतीस, आम्ही कधी यायचं? सुपर व्हिसा आहे, एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. पण त्याला माझं ठरावीक उत्पन्न लागतं आणि तुम्हा प्रत्येकाचा किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा. बाबांची शुगर धरून हप्ता किती पडेल ते विचारलंय. आकडा लिहीत नाही, उगाच शुगर वाढायची. कायमचं बोलवायचं तर सोडत असते. तिच्यासाठी २०२० मध्ये नावं घेतली आणि २०२५ पर्यंत त्याच यादीतून चिठ्ठ्या काढल्या. मी तेव्हा नाशिकलाच होतो.

परत येतोय का? इतक्यात नाही. लायसन्ससाठी कायदा आणि नीतिमत्तेची एक परीक्षा असते, तिचा अभ्यास चालू आहे. ती देतो, मग बघू. तुमची एफडी मात्र माझ्यासाठी मोडू नका. मला पैसे कमी पडत नाहीत, काम कमी पडतं.

आत्याला जमिनीपुरतं सांगा, बाकीचं नको. आणि बाबा, अंबडचे आमचे जुने साहेब सकाळी फिरायला भेटतात ना? माझ्या जागेवर कोण आलंय, सहज विचारून बघा.

तुमचा,
धाकटा