दादा, वजनकाटा बाजूला ठेव

न्यूकॅसल, इंग्लंड
१६ नोव्हेंबर

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

रिपोर्टचा फोटो मिळाला. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ६.२. डॉक्टर 'बॉर्डरवर आहे, पोट कमी करा' म्हणाले आणि तू मला फोनवर सांगितलंस, "माझं वजन ७० च तर आहे. या वयात पोट सुटतंच." हा विषय काढला की तुझ्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतेय. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. बाबांची साखर सापडली तेव्हा तेही शेहेचाळीस वर्षांचेच होते. त्यापुढची त्यांची वर्षं आपण दोघांनी बघितली आहेत. म्हणून मला स्वस्थ बसवत नाही.

पहिली गोष्ट, वजनकाट्यावर विसंबू नकोस. आपल्या लोकांच्या बाबतीत तो दिशाभूल करतो. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आत चरबी, ही आपली ठेवण. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत बाळं जन्मल्याबरोबर मोजली, तेव्हा तिथेही हेच निघालं. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इथल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं लहान, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. तेव्हा आई म्हणते ते "आपल्या घराण्यातच पोट आहे" अगदीच खोटं नाही. फक्त त्याचा अर्थ आपण आधीच सावध व्हायचं, असा मी घेते.

आता टेप घे. वहिनींच्या शिवणाच्या डब्यातली चालेल. पँटचा नंबर सांगू नकोस, कारण पँट तू पोटाच्या खाली बांधतोस. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लाव, श्वास सहज सोड, पोट आत ओढू नकोस, मग वाच. आपल्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात. आणखी एक सोपा हिशेब इथे सांगतात, की कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. तू १७० चा, म्हणजे ८५. इथे डॉक्टरांच्या दवाखान्यात ह्यांची कंबर मोजली तेव्हा ९६ भरली होती आणि वजन तुझ्याइतकंच होतं. नर्सने तो आकडा वहीत लिहून ह्यांच्यापुढे धरला. तोवर ह्यांनाही आपण तब्येतीने ठीकच वाटत होतो.

पोटावर दोन प्रकारची चरबी असते. चिमटीत येते ती कातडीखालची. ती चिवट असते, जायला वेळ लावते, पण तिच्यापासून धोका कमी. दुसरी आतड्यांभोवती, यकृताभोवती आणि यकृतातही साठते. ती चिमटीत येत नाही. पोट मडक्यासारखं घट्ट आणि पुढे आलेलं असलं की ही आतली जास्त, असं समजावं. तुझं तसंच आहे. ह्या चरबीतली स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जातात, यकृत इन्शुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर उपाशी असलास तरी रक्तात साखर सोडत राहतं. पण दादा, वजन उतरायला लागलं की सगळ्यात आधी हलते तीही हीच. आरशात काही दिसायच्या आधी आतलं काम सुरू झालेलं असतं.

हे मी मनचं सांगत नाही. मी राहते त्याच गावातल्या विद्यापीठात प्रा. रॉय टेलर यांनी हे दाखवून दिलंय. २०११ मध्ये त्यांनी मधुमेहाच्या ११ रुग्णांना आठ आठवडे दिवसाला ६०० कॅलरींवर ठेवलं. पहिल्याच आठवड्यात उपाशीपोटीची साखर जागेवर आली, कारण यकृतातली चरबी झरझर उतरली. पुढे स्कॉटलंड आणि इकडच्या टाइनसाइडच्या साध्या दवाखान्यांतून असाच मोठा प्रयोग झाला. वर्षाअखेर जवळजवळ निम्म्या, ४६ टक्के, लोकांचा मधुमेह औषधांशिवाय मागे हटला होता. ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरवले त्यांच्यात ८६ टक्के. 'ते लठ्ठ गोरे लोक' म्हणशील, तर २०२३ मध्ये त्यांनी बीएमआय २७ च्या आतले २० रुग्ण घेतले, त्यांतल्याही १४ जणांचा हटला. त्यांना एकेका टप्प्यात ५ टक्के वजन उतरवायला सांगितलं होतं. तुझ्यासाठी ते साडेतीन किलो. तू तर अजून मधुमेहापर्यंत पोचलेलाच नाहीस! फक्त एक हात जोडून सांगते, ते ६००-८०० कॅलरींचं घरी मनाने करू नकोस. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं.

घरी काय करायचं, ते सांगते. वहिनी, तुमच्या स्वयंपाकात खोट काढत नाहीये. ताटातलं प्रमाण बदलायचं आहे. आपलं ताट म्हणजे पोळी, वर भात, त्यात बटाट्याची भाजी, आमटी पातळ आणि कोशिंबीर चमचाभर. ते उलटं करा. आधी वाटीभर काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि मोठी वाटी मटकीची किंवा मुगाची उसळ. आमटी पळीवाढी नको, घट्ट करा. दही किंवा दोन अंडी. मग ज्वारीच्या दीड-दोन भाकऱ्या. रात्रीचा भात तेवढा बंद. तेल बुधलीतून ओतू नका, पोह्याच्या चमच्याने मोजून घाला. एका मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात आणि भाजीवरच्या तवंगात ते दिसूनही येत नाहीत. दाण्याचं कूट चांगलंच, पण मूठभर नको. संकष्टीला साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यापेक्षा दही, राजगिरा आणि काकडी करा.

दादा, तुझा चहा. दुकानात दिवसभरात चार-पाच कप होतात, प्रत्येकी दोन चमचे साखर. एक चमचा ४ ग्रॅमचा, म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम म्हणते. दोन आठवडे एक चमचा, मग अर्धा, मग नाही. जीभ वळते, मी बघितलंय. संध्याकाळचं भडंग सांगलीत राहून सोड म्हणणं माझ्याही जिवावर येतं, तेव्हा ते आठवड्यातून एकदा, बशीत काढून खा. पुडा हातात घेऊन बसू नकोस. आणि रात्री साडेदहाचं जेवण मला सगळ्यात जास्त खटकतं. दुकान नऊला बंद होतं ना, मग वहिनींनी साडेसातला डबा पाठवला तर काय बिघडतं? गल्ल्यामागे बसून जेव, घरी आल्यावर फक्त ताक.

व्यायामाचं. रोज उताणं पडून काढतोस त्या शंभर सिट-अप्स आणि तो पोटाचा पट्टा, दोन्ही सोड. पोटाचा व्यायाम केला की पोटाचीच चरबी जळते, असं होत नाही. पोटाचे स्नायू तेवढे बळकट होतात. पट्ट्याने घाम येतो आणि घाम म्हणजे पाणी, तांब्याभर प्यायलास की परत भरलं. जेवण झालं की पंधरा मिनिटं चाल, कारण पायाचे स्नायू चालू असले की जेवणातली साखर तेच उचलतात. सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन ये, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आठवड्याला दीडशे मिनिटं भरायला हवीत. आठवड्यातून दोनदा जोर लावायचा व्यायामही हवा. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, शाळेत घालायचास ते सूर्यनमस्कार. गुडघा दुखला तर थांब आणि विचार. चालण्याने वजनकाटा फारसा हलत नाही, पण वजन तेवढंच राहूनही आतली चरबी कमी होते. म्हणून टेप.

इथे थंडीत चारलाच अंधार पडतो. तरी जेवण झालं की हे कानटोपी चढवून टाउन मूरच्या कडेकडेने चक्कर मारून येतात. ते मोठं मोकळं कुरण आहे, उन्हाळ्यात तिथे गाई चरतात, अगदी गावाच्या मधोमध. शनिवारी सकाळी नऊला तिथेच पार्करन असतं, पाच किलोमीटर, फुकट. पळणारे पळतात, हे चालतात. ९६ वरून ९१ लवकर आलं, मग गाडी अडली. काही महिने टेप हललीच नाही आणि हे वैतागले. तेव्हा आम्ही जेवण आणखी कापलं नाही. डंबेल्स आणले आणि रात्री दीडपर्यंतचं मोबाइल बघणं बंद करून झोप सात तासांची केली. आता ८७ आहे. बेंबीखालची थोडी चिमटीत येते अजून, ती राहू दे. साखर, रक्तदाब दोन्ही जागेवर आहेत.

तुझ्याकडूनही एवढंच हवंय. रक्तातल्या एचबीएवनसीवरून साधारण तीन महिन्यांची साखर कळते, तेव्हा आता चांगलं सुरू केलंस तर फेब्रुवारीच्या मध्यात पुन्हा तपास. त्याआधी रक्तदाब आणि यकृताची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घे. मधे कुणी काढा, चूर्ण, 'आठवड्यात पोट सपाट' म्हणून काही विकायला आलं तर पैसे देण्याआधी मला फोन कर, मध्यरात्र असली तरी चालेल.

वहिनी, तुमचीही कंबर मोजा. दादाच्या नादात तुमचं राहून जातं, आणि उरलेला भात संपवायचा म्हणून तुम्हीच खाता, हे मला माहीत आहे. उरू दे. आईच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर, ते कळवा.

रविवारी तुमच्या सकाळी अकराला फोन करते, म्हणजे मी नुकतीच उठलेली असेन. दोघांचे आकडे सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. मी इथे वहीत तारीख घालून पान आखलंय.

आईला साष्टांग नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
छोटी