टिकली लावून गेले होते, सांगते

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, संभाजीनगरच्या आर्ट गॅलरीत साठीच्या पुढच्या एकट्या लोकांची पार्टी झाली म्हणजे निव्वळ म्हातारचळ म्हणून. मी त्या पार्टीत होते. वय ६४, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर, मिस्टरांना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. पत्र लिहिणारे तिथं नव्हते एवढं नक्की, कारण नाचगाणं काहीच नव्हतं, चहा होता, उपमा होता आणि भिंतीवर चित्रं.

चित्रं होती हेच बरं झालं बघा. वधूवर मेळाव्यात माईकवर उभं राहून नाव, जात, पगार सांगतात, तसलं मला जमलंच नसतं. इथं चित्रासमोर उभं राहायचं, शेजारी कुणीतरी येतं, मग बोलणं आपोआप निघतं, नाही निघालं तर पुढच्या चित्राकडे सरकायचं, कुणाला वाईट वाटत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेणीतल्या पद्मपाणीची कॉपी होती, हातात कमळ धरलेला, त्याच्यापुढं मी आणि एक गृहस्थ बराच वेळ नुसतेच उभे, मग ते म्हणाले, मी एसटीत कंडक्टर होतो, जळगावच्या गाडीवर लेण्यांजवळच्या फर्दापूरवरून आयुष्य गेलं पण लेणी एकदाही पाहिली नाही, गाडी सोडून जाता थोडीच येतं.

आता टिकलीचं. घरून निघताना लावली नव्हती, गल्लीतून जायचं होतं ना. गॅलरीच्या बाथरूममधे आरशात बघून लावली, हात थरथरत होता खोटं कशाला बोलू. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, शासनानं परिपत्रकही काढलं, ते आमच्या गल्लीत पोचायचंय अजून. तर गॅलरीत चित्र विकलं गेलं की त्याच्या पाटीवर लाल टिकली चिकटवतात हे मला तिथंच कळलं, आणि ते कंडक्टर साहेब माझ्या कपाळाकडे बघून म्हणतात, मॅडम, तुमचं पण बुकिंग झालं का? दुसरं कुणी बोललं असतं तर झापलं असतं, पण इतकं हसू आलं की चहा सांडला.

बायका मोजून नऊ, पुरुष तीसेक. बीडच्या एक ताई होत्या, नवरा खाजगी कंपनीत होता, पीएफवाली हजार रुपयाची विधवा पेन्शन येते, दुसरं लग्न केलं की ती बंद. त्या म्हणाल्या मला लग्न नकोच, दवाखान्यात सोबत यायला माणूस पाहिजे. पुरुषांचं रडगाणं वेगळं, पोरं म्हणतात नवी आई आली की वाटणी आली. आमच्यात कायद्यानं ते खरंय, मृत्युपत्र नसलं तर दुसऱ्या बायकोलाही पोरांएवढाच हिस्सा. मग करा की मृत्युपत्र! साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, स्टॅम्पपेपर पण लागत नाही. तीसातल्या किती जणांनी केलं होतं माहितीय? दोघांनी.

माझी तक्रार आहे ती पार्टीवाल्यांवरच. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो ग्रुपवर टाकले, कुणाला विचारलं नाही काही नाही, फिरत फिरत संध्याकाळपर्यंत जालन्यात हजर. जाऊबाईंचा फोन, "कामून गं, टिकली लावून कुठं गेल्ती?" मुलाचा फोन अजून आलेला नाही. तो घरच्या ग्रुपवर आहे, फोटो तिथंही आलाय, पाहिला असणारच. बीडच्या ताईंनी तर नंबरच बंद करून ठेवलाय, त्यांचं काय झालं असेल देव जाणे.

म्हणून पुढच्या वेळी फोटो नकोत, काढायचेच तर चित्रांचे काढा. आणि कार्यक्रम सकाळी ठेवा, आम्ही नऊ जणी होतो त्यातल्या पाच जणी बस चुकेल म्हणून संध्याकाळी साडेसहालाच उठून गेल्या. खुर्च्या पण जरा वाढवा, गुडघे सगळ्यांचेच गेलेत.

माझं नाव छापू नका. टिकलीचं छापलं तरी चालेल.

एक निवृत्त शिक्षिका, जालना